दहा किलोची भिंत

नाटकातला दिवाणखाना दोन तासांत उभा राहतो आणि त्याहून कमी वेळात टेम्पोत जातो. हे जमतं कसं? लोअर परळच्या एका गोदामात शनिवार-रविवार हातोडी चालवून आणलेलं उत्तर.

लोअर परळला उतरणाऱ्या माणसाचा रूट ठरलेला असतो. ब्रिज, धक्काबुक्की, गळ्यातलं आयकार्ड सांभाळत बाहेर, की थेट शेअर टॅक्सी. उरलेल्या एखाद्या गिरणीच्या चिमणीकडे मान वर करून बघायलाही फुरसत नसते. १९८२ च्या संपानंतर इथल्या गिरण्या एकेक करून गेल्या. त्यांच्या जागी मॉल आले, टॉवर आले, आपली ऑफिसं आली. पण या चकाचक काचांच्या मागच्या गल्ल्यांमध्ये अजून काही पत्र्याची गोदामं तग धरून आहेत. त्यातल्याच एकात मराठी नाटकांचे सेट बनतात आणि गेले तीन महिने माझे वीकेंड तिथे गेले. शिकाऊ सुतार म्हणून!

‘सेट म्हणजे थर्माकोलच ना?’ ऑफिसातल्या मंडळींचा पहिला प्रश्न. ‘यूट्यूबवर शिकता येत नाही का?’ हा दुसरा. दोन्हींचं उत्तर एकच, एकदा येऊन बघा. गोदामात शिरलं की आधी वास येतो. ताजा भुसा, फेव्हिकॉल, ऑइलपेंट आणि कडक चहा, असं ते मिक्स्चर. भिंतीला टेकवलेली दारं, कुठेच न जाणारा जिना, एका बाजूने संगमरवरी आणि मागून नुसता प्लाय असलेला खांब. आणि या पसाऱ्याच्या मधोमध कानाला पेन्सिल खोचलेले मिस्त्रीकाका. मूळचे सावंतवाडीकडचे, म्हणजे लाकडी खेळण्यांच्या गावचे. ‘आमी अजून खेळणीच बनवतो,’ असं हसत सांगतात. ‘फक्त साइज मोठी झाली.’

सुताची भाषा

पहिले दोन दिवस मला हातोडी मिळालीच नाही. फक्त मोजायचं. इथे सेंटिमीटर चालत नाही. फूट, इंच आणि सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ‘चार फूट दोन सूत’ असं काका लांबून ओरडले की हात आपोआप टेपवर जायला हवा.

नाटकातली भिंत म्हणजे ‘फ्लॅट’. मुंबईत कोटीच्या खाली फ्लॅट मिळत नाही म्हणता? इथे तीन इंच बाय एक इंचाच्या पाइनच्या पट्ट्या घ्यायच्या, १० बाय ४ ची चौकट करायची, मध्ये दोन आडव्या पट्ट्या द्यायच्या. झाला फ्लॅट. कोपऱ्यांवर प्लायचे त्रिकोणी तुकडे ठोकायचे. तेही असे की तुकड्याच्या लाकडाची रेघ सांध्याला आडवी जाईल, नाहीतर तो सांध्याच्या रेषेतच चिरतो. कोपरा काटकोनात आहे का, ते आधी गुण्या लावून बघायचं. पण दहा फुटांच्या चौकटीसाठी छोट्या गुण्यावर भागत नाही. मग दोन्ही कर्ण मोजायचे. १० बाय ४ चा कर्ण १० फूट ९ इंच २ सूत भरतो. दोन्हीकडून तेवढाच भरला की चौकट सरळ. शाळेत पायथागोरसला मनातल्या मनात शिव्या घालणाऱ्या तमाम जनतेने कृपया नोंद घ्यावी.

मग मांजरपाट. कापड चौकटीवर पसरायचं आणि प्रत्येक बाजूच्या मध्यापासून सुरुवात करून कोपऱ्यांकडे सरकत छोटे खिळे मारायचे. सुतारांच्या भाषेत या खिळ्यांना ‘चुका’ म्हणतात. ‘चुका मोजून मारायच्या’ हा गोदामातला सगळ्यात जुना विनोद, आणि तो रोज होतो. कापड ओढून ताणायचं मात्र नाही. त्यावर पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा हात फिरला की वाळताना ते आपोआप आवळतं. आधीच ताणलेलं असेल तर चौकटीची कंबर आत खेचली जाते. वाळलेल्या कापडावर टिचकी मारायची. डफासारखा आवाज आला की पास.

एवढी सगळी यातायात कशासाठी? वजनासाठी! असा फ्लॅट भरतो जेमतेम दहा-बारा किलो. १२ मिलिमीटरच्या प्लायची एक ८ बाय ४ ची शीट घ्या, ती एकटीच वीस किलोच्या वर जाते. म्हणजे आपला दहा फुटी फ्लॅट एक माणूस उचलून चालायला लागतो. समोरून रंग झाला की तीच भिंत चिरेबंदी वाड्याची.

सुटण्यासाठी जोडायचं

घरच्या सुताराने केलेलं कपाट वीस वर्षं हललं नाही तर आपण त्याचं नाव काढतो. नाटकाच्या सुताराचा हिशेब उलटा आहे. त्याची वस्तू प्रयोगभर हलता कामा नये आणि पडदा पडल्यावर पटकन सुटली पाहिजे. शनिवार-रविवारी मोठ्या नाट्यगृहांत सकाळ, दुपार, रात्र अशी तीन सत्रं असतात आणि तिन्हीला वेगवेगळी नाटकं. सकाळच्या नाटकातला बंगला निघाल्याशिवाय दुपारच्या नाटकातली चाळ लागणार कशी? दोन सत्रांमधल्या वेळात एक घर पाडायचं आणि दुसरं बांधायचं.

म्हणून इथला प्रत्येक सांधा सुटण्याचा विचार करून केलेला. दोन फ्लॅट जोडायला बिजागरी, पण तिची पिन सैल. पिन उपसली की भिंती वेगळ्या. स्टेजवर मारायचा खिळा डोक्यापर्यंत ठोकायचा नाही. अर्धा सूत बाहेर ठेवायचा, म्हणजे हातोडीच्या नख्या त्याला धरू शकतात. प्रत्येक तुकड्यामागे खडूने नंबर. अंधुक उजेडात, कोल्हापूरच्या असो वा नाशिकच्या स्टेजवर, कुणीही उचलावा आणि जागेवर लावावा.

चौथ्या आठवड्यात काकांच्या तोंडचं ‘मॅडम’ गेलं आणि ‘गो’ आलं. ‘काय गो, कित्याक घाई? लाकूड पळून जाणार नाय.’ मला अप्रेझल मिळाल्याचा आनंद झाला.

पडदा ते पेटी

आपल्या रंगभूमीला सुतार लागला तो तसा उशिराच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं. पुढे संगीत नाटकांच्या वैभवाच्या काळात राज्य होतं ते रंगवलेल्या पडद्यांचं. राजवाडा, अरण्य, रस्ता, सगळं कापडावर. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी असे पडदे रंगवून नाव कमावलं, मग बाबूराव सिनेमाकडे वळले. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं आणि तीन भिंतींची खरीखुरी वाटणारी खोली रंगमंचावर ठसली. याला म्हणतात बॉक्स सेट. चौथी भिंत प्रेक्षकांनी मनात काढून टाकायची. तिथून दिवाणखान्यांचा जमाना सुरू झाला. १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ने माणसांचीच भिंत उभी केली. काका यावर मिश्कीलपणे म्हणतात, ‘नाटक झकास. पण आमच्या पोटावर पाय!’

गोदामात बिडी-सिगरेटला सक्त मनाई आहे. काका एरवी कशावरही जोक करतात, यावर नाही. पाइन, कापड, ऑइलपेंट, सगळंच पेट घेणारं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडलं. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं ते घर. त्याचे फोटो पाहून आपण चुकचुकलो. गोदामातल्या मंडळींनी मात्र त्या स्टेजच्या फळ्यांवर खिळे ठोकलेले होते.

दार वाजलं पाहिजे

आठव्या आठवड्यात माझ्या वाट्याला आलं एक दार. कौटुंबिक नाटक. दुसऱ्या अंकात सून घर सोडून जाते आणि जाताना दार धाडकन आपटते. सगळ्या नाटकाचा जोर त्या एका आवाजावर. पण भिंत कापडाची. दार आपटल्यावर भिंत थरथरली तर रडणारं थिएटर हसायला लागणार.

यावरची युक्ती साधी आहे. दाराची चौकट भिंतीला टेकवायचीच नाही. ती स्वतःच्या पायांवर, मागे दोन तिरके टेकू आणि वर वजनं. भिंत आणि चौकट यांच्यामध्ये बोटभर फट, ती समोरून लाकडी पट्टीने झाकायची. धक्का चौकटीत जिरतो, भिंतीला कळतही नाही. शिवाय दार उघडायचं विंगेकडे, म्हणजे येणारा नट दाराआड लपत नाही.

काकांनी शेजारच्या फ्लॅटवरून ओळंबा सोडला आणि मला म्हणाले, ‘आपट.’ मी आपटलं. सगळे ओळंब्याकडे बघत होते. दोरा जागचा हलला नाही. काकांनी काहीच न बोलता पुढच्या चौकटीची पट्टी उचलली. त्यांच्याकडून मिळणारं हेच सर्टिफिकेट.

शुभारंभाचा प्रयोग दादरला, प्लाझासमोरच्या शिवाजी मंदिरात. मी विंगेत उभी. दार वाजलं. थिएटर इतकं शांत झालं की मला माझं घड्याळ ऐकू आलं. त्या आवाजात एक नटी होती, एक लेखक होता आणि माझे सोळा स्क्रूही होते. रात्री पडदा पडल्यावर त्याच दाराच्या पिना उपसल्या, चौकट आडवी केली, टेम्पोत चढवली. दुसऱ्या दिवशी पुणे. ऑफिसात मी केलेली प्रेझेंटेशन्स वर्षानुवर्षं सर्व्हरवर पडून असतात, कुणी उघडतही नाही. हे दार रोज मोडतं आणि रोज लागतं.

एका टेम्पोत मावेल ना?

चहाच्या वेळी मात्र गप्पा वेगळ्या वळणावर जातात. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ पासूनचं, कामगारवस्तीचं आपलं थिएटर. २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झालं. गोदामाच्या गल्लीतही बिल्डरच्या फेऱ्या वाढल्यात. निर्मात्याचा पहिला प्रश्न आता नेपथ्याबद्दल नसतो, टेम्पोबद्दल असतो. एका टेम्पोत मावेल ना? दौऱ्याचं डिझेल, नाट्यगृहाचं भाडं, उचलणाऱ्या हातांची मजुरी, हा हिशेब त्यालाही चुकत नाही. त्यात एलईडीचा पडदा लावला की राजवाडाही पेन ड्राइव्हमध्ये येतो.

काका एलईडीवर चिडत नाहीत. ‘दिसतं छान,’ म्हणतात. ‘पण त्याच्यावरचं दार आपटता येत नाय.’ गोदामात माझ्याहून लहान फक्त दोन मुलं आहेत. एक दिवसभर डिलिव्हरी करून संध्याकाळी येतो. गुण्या, ओळंबा, सूत, हे सगळं काकांच्या हातात आहे, कुठल्याही पुस्तकात नाही. ते त्या दोघांच्या हातात उतरायला अजून काही वर्षं लागतील. गल्ली तेवढी वर्षं टिकली पाहिजे.

जायचंय?

सेटचं गोदाम हे काही पिकनिक स्पॉट नाही, थेट जाऊन धडकू नका. हौशी नाट्यसंस्था किंवा एकांकिका करणाऱ्या ग्रुपमध्ये कुणी ओळखीचं असेल तर बॅकस्टेजला हात हवेत का, विचारा. हात नेहमीच कमी असतात. पायात बूट हवेत, चप्पल अजिबात नको. स्वतःची टेप घेऊन जा, दुसऱ्याची मागू नका. पहिले दोन दिवस हातोडी मिळणार नाही, हे धरून चाला.

आणि एवढं सगळं जमणार नसेल तर एक करा. पुढच्या नाटकाला मध्यंतरातला बटाटावडा लवकर संपवून जागेवर या आणि दुसऱ्या अंकात कुणी दार लावलं की नटाकडे बघू नका. दाराच्या शेजारची भिंत बघा. ती हलली नाही, तर समजा मागे कुणीतरी कर्ण नीट मोजलेत.