पानाच्या दोन बाजू

दिवाळी जवळ येऊ लागली, की फराळाच्या खमंग वासाबरोबर मला आणखी एका वासाची आठवण होते. तो वास नव्या कागदाचा आणि छपाईच्या शाईचा. निपाणी हे तंबाखूचे गाव. वखारींतून येणारा उग्र दर्प बारा महिने आमच्या अंगाखांद्यावर असे. अशा गावात दिवाळी अंकाचा तो वास एखाद्या दूरच्या पाहुण्यासारखा वाटे.

वडील एका वखारीत कारकून होते. अंक विकत घेण्याची ऐपत नव्हती. पण वाचनालयाची वर्गणी मात्र ते कधी चुकवीत नसत. दिवाळीनंतर अंकांची पाळी लागे. एक अंक दोन दिवस घरी ठेवता येई. त्या दोन दिवसांत आमच्या घरात सर्वांत आतुर जर कोणी असेल, तर ती माझी आज्जी; आणि नवल असे, की तिला अक्षरओळख नव्हती!

आज्जी घरी विड्या वळी. मांडीवर सूप, सुपात पाने आणि जर्दा, हातात कात्री. तिची बोटे सारखी चालत. तिच्याजवळ अंक नेला, की ती पदराला हात पुसून तो घेई आणि चित्रे पाहू लागे. मग म्हणे, "ह्या बाईचं काय झालं रं? वाच की." मी वाचू लागलो, की पुन्हा बोटे चालू होत. गोष्ट संपेपर्यंत एखादा कट्टा बांधून तयार होई. कधी ती चित्रावरूनच गोष्ट ओळखू पाही, आणि गोष्ट निराळी निघाली, तर चूक चित्रकाराची की लेखकाची, यावर आमचा वाद होई.

पुढे मोठेपणी कळले, की या आनंदामागे अनेकांचे कष्ट उभे आहेत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली 'मनोरंजन' मासिक सुरू केले आणि १९०९ साली त्याचा पहिला दिवाळी अंक काढून मराठी घरांना एक नवा सण दिला. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर' मासिक निघू लागले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. आणि किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १९१० पूर्वी आपल्या बेळगावातच झाली होती, हे आपण अभिमानाने आठवावे. गोव्यात जन्मलेले दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केली. त्यांची रंगीत मुखपृष्ठे पाहण्यासाठी मुलेमोठी वाचनालयात दाटी करीत. चित्राची ही शक्ती जगभर दिसते. १८९१ साली लंडनमध्ये निघालेल्या 'स्ट्रँड' मासिकात शेरलॉक होम्सच्या कथांना सिडनी पॅजेटने चित्रे काढली, आणि होम्स म्हणताच आज जी टोपी डोळ्यांपुढे येते, ती या चित्रकारानेच त्याच्या डोक्यावर चढविली.

कवितेचे तर या मासिकांनी फारच भले केले. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात रिकामी जागा भरण्यापुरती येणारी कविता येथे स्वतंत्र पानावर, भोवती मोकळी जागा आणि बाजूला एखादे नाजूक रेखाचित्र घेऊन बसू लागली. जागा मिळाली की मान मिळतो, हे माणसाप्रमाणे कवितेलाही लागू आहे. एकदा वडील सहज म्हणाले, "या इंदिरा संत बेळगावात असतात, पण माहेर आपल्या तवंदीचं." आज्जीची कात्री थांबली. "तवंदीची? घाटातल्या तवंदीची?" त्या दिवशी ती कविता तिने दोनदा वाचून घेतली. तिला ती किती समजली, कोण जाणे. पण आपल्या वाटेवरच्या गावातील बाईचे शब्द छापून येतात, हे मात्र तिला पुरते समजले.

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती सांगताना आजही संकोच वाटतो. १९६८ सालची दिवाळी. मी अकरा वर्षांचा होतो. एका अंकात एक पानभर चित्र होते. उन्हात तापलेली सडक, कडेला गाठोडे घेऊन बसलेली एक म्हातारी आणि दूरवर धुरळा. आज्जी त्या चित्राकडे पुष्कळ वेळ पाहत राहिली. माझे थोरले काका मुंबईला गिरणीत होते आणि दोन वर्षांत घरी फिरकले नव्हते. तिने काहीच बोलून दाखविले नाही. अंक मिटून माझ्या हाती दिला आणि पुन्हा सूप ओढले.

अंक परत करण्याच्या आदल्या रात्री मी तिचीच कात्री घेतली आणि ते पान मुळाशी कापून काढले. सकाळी मोठ्या हौसेने ते तिच्यापुढे धरले. तिचा चेहरा फुलला. मग तिने ते पान उलटले आणि विचारले, "मागं काय लिवलंय?"

मी पाहिले. मागे दुसऱ्याच एका कथेचा शेवट होता. मी तो वाचून दाखविला. आज्जी गप्प बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मग आता ज्येला ह्यो अंक जाईल, त्येची गोष्ट अर्धीच ऱ्हाईल की रं."

तिने मला मारले नाही, की रागावली नाही. कणकेची खळ शिजविली, स्वतःच्या हाताने ते पान जागेवर चिकटविले आणि अंक पदराखाली घेऊन माझ्याबरोबर वाचनालयात आली. आयुष्यात प्रथमच! चपला बाहेर काढून ती उंबऱ्यापाशीच उभी राहिली. ग्रंथपालांना मी रडत रडत सारे सांगितले. आमची अनामत बुडणार आणि वडिलांचे नाव यादीतून जाणार, या भीतीने माझे पाय कापत होते.

ग्रंथपालांनी पान उलटसुलट करून पाहिले. मग मला म्हणाले, "पुढचे चार रविवार सकाळी ये. फाटलेली पुस्तकं चिकटवायची आहेत." आणि उंबऱ्याकडे वळून म्हणाले, "आज्जी, आत या. वाचता येत नसलं, तरी बघायला पैसे पडत नाहीत."

त्या चार रविवारी मी खळ आणि कागदाच्या पट्ट्या घेऊन बसे, आणि आज्जी पलीकडच्या बाकावर एक-एक अंक उघडून पाही. ते चित्र ती दर वेळी शोधून काढी. काका पुढच्या वर्षी आले. पण तोवर आज्जी राहिली नव्हती.

आज त्या काळची पुष्कळ मासिके बंद पडली आहेत. 'सत्यकथा'ही १९८२ साली थांबली. आता चित्रे हातातल्या फोनवर क्षणाक्षणाला येतात आणि जातात. दिवाळी अंक मात्र अजून निघतात, आणि आपल्या या सीमाभागातील वाचनालयांत त्यांची पाळी अजून लागते. गावाची पाटी कोणत्या लिपीत असावी, हे थोर माणसे ठरवितात. पण घरात कोणती भाषा वाचली जावी, हे आपणच ठरवितो.

विद्यार्थी मित्रांनो, या वार्षिकातही तुमच्यापैकी कोणी चित्र काढले असेल, कोणी कविता लिहिली असेल. अंक घरी न्याल, तेव्हा ज्यांना वाचता येत नाही, अशांपुढे तो आधी धरा. चित्र पाहून ते थांबतील आणि काही विचारतील. मग त्यांना वाचून दाखवा. आणि पान उलटण्यास मात्र विसरू नका.