निफाडच्या मळ्यातले जादा सेल

निफाडच्या मळ्यात रात्री पाणी भरायला निघताना नाना आधी टॉर्च लावून बघतात. शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री. गोदाकाठच्या उसात बिबट्याचा वावर नेहमीचा. या घरात जादा सेल लागतातच. ते वर्षानुवर्षं टिकवायचे कसे, हे मी सून म्हणून इथे आल्यावर सासऱ्यांकडून, म्हणजे नानांकडून, शिकले.

मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर टांगलेला टॉर्च नानांनी माझ्यासमोर उघडला. सेल आत घट्ट बसलेले, स्प्रिंगवर पांढरा थर. अल्कलाइन सेलमधलं जस्त नुसतं पडूनही हळूहळू झिजतं, त्यातून हायड्रोजन निघतो. दाब वाढला की सील सुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपतं.

"हात नको लावू, कातडी भाजते," म्हणत नानांनी हातमोजे चढवले. कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर घेऊन स्प्रिंग पुसली, पॉलिश पेपरने घासली.

उष्णतेत जस्ताची ही झीज वाढते. 20 अंशांच्या आसपास अल्कलाइन सेल वर्षाला 2 ते 3 टक्केच शक्ती गमावतो. इथे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याखाली तर त्याहून वर जातो. म्हणून आमचे सेल माजघरातल्या भिंतीच्या कपाटात, मूळ पाकिटातच असतात. किल्ल्या-नाण्यांच्या डब्यात सुटा सेल टाकायचा नाही. दोन्ही टोकं धातूने जोडली गेली की तो तापतो. 9 व्होल्टच्या चौकोनी बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी. बटणसेल पोरांच्या हाती लागणार नाहीत असे उंचावर, कारण गिळलेला सेल 2 तासांत अन्ननलिका भाजू शकतो.

फ्रिजमध्ये मात्र काहीच ठेवत नाही. बाहेर काढल्यावर सेलवर दव धरतं आणि टोकं गंजतात.

निफाडची थंडी राज्यात नावाजलेली. डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी 5 अंशांच्याही खाली उतरतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. अशा गारठ्यात साठवलेला सेल चांगला टिकतो, पण आतली रासायनिक क्रिया मंदावल्याने टॉर्चचा उजेड कमी पडतो. म्हणून नाना जादा जोडी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवतात.

पाकिटावर खरेदीचा महिना लिहायचा, जुनं पाकीट आधी फोडायचं. एका टॉर्चमध्ये जुना आणि नवा सेल एकत्र घालायचा नाही. दमलेला सेल आधी संपतो आणि गळतो. संपलेले सेल चुलीत किंवा बांधावर न टाकता वेगळ्या बरणीत जमा होतात. नाशिकला कुणी निघालं की ती बरणी ई-कचरा घेणाऱ्याकडे पोचते.