दुसऱ्या क्रमांकाचे माहेर

आमचे वडील गिरगावातले आणि आईचे माहेर पुण्याचे. वडील मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात नोकरीला लागले, आणि कल्याण सोडून शहाडच्या पुढे, आंबिवलीला दोघांनी बिऱ्हाड मांडले. मुंबईही लांब, पुणेही लांब. तरी रणजी करंडकाचे दिवस आले, की आमच्या दोन खोल्यांत पश्चिम विभागाचा सामना रंगे.

सामना म्हणायचे इतकेच. बोलत एकटे वडील. मुंबईने 1958-59 पासून 1972-73 पर्यंत ओळीने पंधरा वेळा करंडक जिंकला. त्या काळात मुंबईकराशी संसार करणाऱ्या पुणेकरणीने बोलावे तरी काय? सकाळी पेपर उलगडून वडील हाक मारीत, “अगं, ऐकलंस का? तुझ्या माहेरचे पुन्हा हरले!” आई म्हणे, “भाजी करपतेय,” आणि आत जाई.

माहेर काही अगदीच लेचेपेचे नव्हते. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला होता. पण पुढे नियम असा, की प्रत्येक विभागातून पहिला येईल त्यालाच बाद फेरीचे दार उघडे. आमच्या विभागात पहिली मुंबई! मग महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र यांनी कितीही घाम गाळला तरी बहुधा उंबरठ्यावरूनच परत फिरायचे. देशात दुसरा असण्याची योग्यता असलेला संघ शेजारच्या पहिल्यामुळे कुणाला दिसतच नसे.

आईच्या मनात एक सामना घर करून होता. 1949 मध्ये पुण्याला झालेला उपांत्य सामना. ती तेव्हा शाळकरी. आजोबांचे बोट धरून गेलेली. मुंबईने 651 आणि 8 बाद 714 धावांचा डोंगर रचला. महाराष्ट्राने 407 आणि 604 केल्या. दोन डावांत हजारावर धावा करूनही 354 धावांनी हार! “शेवटच्या डावात सहाशे चार,” आई आम्हां मुलांना हळूच सांगे, “हरणार हे ठाऊक असून.” वडील घरी नसले तरच सांगे.

पुढे 1970-71 च्या हंगामात नियम बदलला. प्रत्येक विभागातून दोन संघ घेऊ लागले, आणि त्याच वर्षी अंतिम सामन्यात मुंबईसमोर उभा राहिला महाराष्ट्र! शिवाय वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर ही मंडळी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर. इतकी वर्षे गप्प असलेली आई त्या दिवसांत रेडिओच्या बातम्यांना स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहू लागली. अखेरच्या दिवशी तिने कुणाला न सांगता हरभऱ्याची डाळ भिजत घातली.

महाराष्ट्र 48 धावांनी हरला.

मुंबईचे मोहरे परदेशात होते, पण मोहऱ्यांच्या मागे उभी असलेली रांग घरीच होती. कांगा लीगच्या पावसाळी चिखलात आणि मैदानामैदानावर तयार झालेली मुले सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखाली उतरली आणि जिंकली. एक गेला तर दुसरा तयार, हेच मुंबईचे खरे बळ.

रात्री पानात पुरणपोळी पाहून वडील चकित झाले. “आज काय सण?”

“डाळ भिजली होती. वाया कशी घालवू?” आई म्हणाली.

वडिलांनी एकदा पोळीकडे, एकदा तिच्याकडे पाहिले. पोळी मुकाट्याने खाल्ली. त्या रात्री मुंबईच्या विजयाचा शब्द त्यांनी काढला नाही. आणि नंतर सकाळची ती हाक मी कधी ऐकली नाही. जिंकणाऱ्याला हरणाऱ्याचे घर दिसावे लागते. एरवी ते एकाच घरात असले तरी दिसत नाही.

महाराष्ट्र पुढे 1992-93 आणि 2013-14 मध्येही अंतिम सामन्यात पोहोचला. करंडक मात्र हाती आला नाही. पण 1960-61 ते 1969-70 या दहा हंगामांत मुंबईकडून सात अंतिम सामने हरलेल्या राजस्थानने 2010-11 मध्ये तो पहिल्यांदा जिंकला. कर्णधार होता पुण्याचा हृषीकेश कानिटकर.

वडील तेव्हा नव्हते. पंचाहत्तरीच्या आईला मी बातमी वाचून दाखवली. “पुण्याचाच ना रे तो?” तिने दोनदा विचारले आणि डाळीचा डबा काढला.

पहिली पोळी तिने वडिलांच्या तसबिरीपुढे ठेवली आणि म्हणाली, “अहो, ऐकलंत का? माझ्या माहेरचा जिंकला!”