धुराड्याची उंची

एखाद्या औष्णिक वीजकेंद्राच्या तजविजीचे दप्तर परीक्षणासाठी हाती येते, तेव्हा त्यातील ज्या आकड्यावर अर्जदाराची सर्वाधिक भिस्त असते, तो बहुधा धुराड्याच्या उंचीचा असतो. धूर जितका उंचावर सुटेल तितका तो विस्तीर्ण अवकाशात विरळ होईल आणि जवळच्या वस्तीला त्याचा उपसर्ग कमी पोचेल, हा त्यामागील तर्क शास्त्राला धरूनच आहे. हवेत धूर पांगण्याचे हे गणित मांडण्यातच माझा व्यवसाय सरला. परंतु उंचीमुळे धूर पांगतो, घटत नाही. आणि पर्यावरणीय आघाताचा अहवाल लिहिणाऱ्याने हा भेद नजरेआड केला, तर त्याचा अहवाल मंजुरीच्या नस्तीतील एका कागदापलीकडे काही उरत नाही.

किमान उंची ठरविण्याचे आपल्याकडील सूत्रच पाहावे. दर तासाला बाहेर पडणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचे किलोग्रॅममधील वजन घेऊन त्याचा ०.३ हा घात काढावयाचा आणि त्याला १४ ने गुणावयाचे, की मीटरमध्ये उंची मिळते. तासाला सुमारे ३०० टन कोळसा जळतो आणि त्यात गंधक अर्धा टक्का आहे असे धरले, तर ३ टन वायू सुटतो व उत्तर १५५ मीटरच्या आसपास येते. आता तोच वायू दुप्पट करून पाहा: उंची पावपटीनेही वाढवावी लागत नाही! कॅनडातील सडबरी येथे १९७२ च्या सुमारास ३८१ मीटरचे धुराडे उभे राहिले, तेव्हा गावची हवा निवळली हे खरे. पण जो गंधक गावावर उतरत नव्हता तो दूरच्या मुलखावर उतरत होता.

आपल्याकडे या प्रश्नाची खरी परीक्षा डहाणूत झाली. मुंबईच्या उपनगरांसाठी खाडीकाठी ५०० मेगावॉटचे कोळशावरील केंद्र उभारण्याचे ठरले. त्याचे धुराडे २७५ मीटर उंच, आणि त्याच्या टापूत घोलवड-बोर्डीपर्यंत पसरलेल्या चिकूच्या वाड्या. जून १९९१ मध्ये केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमावरून १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्याच्या पर्यावरण-संरक्षणासाठी प्राधिकरण नेमले गेले.

किनाऱ्यावरील धुराड्याचे वर्तन देशावरील धुराड्यासारखे नसते, हे येथे विस्ताराने सांगितले पाहिजे. सकाळी ऊन चढू लागले की जमीन तापते, मतलई वारा पडतो आणि समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. ही समुद्राची हवा थंड व स्थिर असल्यामुळे उंचावर सुटलेला धूर तिच्यात फारसा न मिसळता अरुंद पट्ट्यासारखा आत सरकतो. परंतु तापलेल्या जमिनीवर खळबळणाऱ्या हवेचा जो थर किनाऱ्यापासून आत जाताना क्रमाक्रमाने उंच होत जातो, त्या थराला हा पट्टा जेथे भिडतो तेथे तो घुसळून थेट भुईपर्यंत खाली ओढला जातो. म्हणजे ज्या उंचीने धुराड्याच्या पायथ्याचे गाव वाचविले, तीच उंची काही किलोमीटर आतल्या वाडीवर दिवसाचे काही तास धूर उतरविण्यास कारण होते. वार्षिक सरासरीत हे तास बुडून जातात. पावसाळा वगळून एकाच ऋतूच्या तीन महिन्यांची मोजणी करून सिद्ध केलेल्या शीघ्र अहवालात तर वाऱ्याचे अर्धे चरित्रही येत नाही.

चिकूला जवळजवळ वर्षभर फूल येत राहते आणि फुलाच्या मध्यातून बाहेर डोकावणारे कुक्षीचे टोक चिकट असते. परागकण धरून ठेवण्यासाठीच ते तसे असते, पण राखेच्या कणालाही ते तितक्याच तत्परतेने धरते. तेव्हा या झाडाला निर्धास्त असा ऋतूच नाही. जाहीर सुनावणीत एखादा बागायतदार उठून, अमुक महिन्यात वारा अमुक वेळी फिरतो व मग पानावर काळपट थर बसतो असे सांगतो, तेव्हा त्याचे निवेदन 'भावना व्यक्त केल्या' या शेऱ्याखाली नोंदविण्याचा प्रघात मला अत्यंत गैर वाटतो. ती प्रत्यक्ष निरीक्षणाची कैफियत आहे. त्या वेळी, त्या वाडीत मोजमापाचे यंत्र लावणे हे मूल्यांकन करणाऱ्याचे कर्तव्य आहे.

डहाणूच्या केंद्राला धुरातील गंधक काढून घेणारी यंत्रणा बसवावी लागली, आणि ती २००७ मध्ये सुरू झाली. ही यंत्रणा समुद्राचेच पाणी वापरते: पाण्याच्या अंगच्या अल्कधर्मामुळे वायू त्यात शोषला जातो व त्याचे सल्फेट होते. सल्फेट समुद्रात मुळातच विपुल असल्यामुळे हा उपाय समर्थनीय आहे. मात्र परत सोडल्या जाणाऱ्या पाण्याची आम्लता, उष्णता आणि त्यातील प्राणवायू यांची नोंद ओहोटीच्या वेळी, खाडीत पाणी कमी असताना, झाली पाहिजे, आणि तेथील मासेमारांना ती मराठीतून पाहावयास मिळाली पाहिजे.