सिग्नलला थरथरणारी गाडी

आमची कार्बोरेटरची गाडी पंचवीस वर्षांची झाली. अम्मींना दवाखान्यात न्यायचं-आणायचं ते तिच्यातूनच. सिग्नलला उभी राहिली की इंजिन थरथरायचं, बंद पडायचं. वेगात मात्र सुरळीत. कुणी सुचवलं, आयडलचा स्क्रू वाढवा. त्याने लक्षण झाकलं जातं, दोष तसाच राहतो.

१ किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. रबरी पाइपला चीर पडली की जादा हवा आत शिरते आणि पेट्रोल कमी पडतं. आम्ही थंड इंजिन चालू करून, डिस्ट्रिब्युटर आणि वायरी टाळून, एकेका जोडावर साबणाचं पाणी फवारलं. ब्रेक बूस्टरच्या पाइपवर पाणी पडलं आणि इंजिन क्षणभर स्थिर झालं. आमच्या पोटात गोळाच आला, कारण ब्रेकला जोर मिळतो तो याच पाइपमधल्या व्हॅक्यूममुळे.

ब्रेकसाठीचाच नवा पाइप आणि नव्या क्लिपा बसवल्या. मग इंजिन बंद ठेवून पेडल पाच वेळा दाबलं, दाबून धरलं आणि स्टार्टर मारला. पेडल किंचित खाली गेलं, तेव्हाच निर्धास्त झालो. घरी जुनी गाडी असेल तर ही चाचणी अधूनमधून जरूर करा. मिनिटभरही लागत नाही.