कोल्हापूरचा नवा राजवाडा

गेल्या चैत्रांत अंबाबाईच्या दर्शनास कोल्हापुरीं गेलों असतां आम्हीं एक दिवस नव्या राजवाड्यासाठीं राखून ठेविला होता. देवळांतील गर्दी, उन्हाचा ताप आणि सौभाग्यवतींच्या गुडघ्यांची कुरकुर यांतून वाट काढीत तेथें पोहोंचेपर्यंत चार वाजले.

हा वाडा १८७७ सालीं बांधावयास घेतला व १८८४ सालीं पुरा झाला. घोटीव काळा दगड, मध्यें घड्याळाचा अष्टकोनी मनोरा, बाजूंस लहान लहान घुमट, कमानी आणि कोरीव सज्जे. एकंदर मांडणी विलायती. पण नक्षी पाहूं लागावें तर कोठें गुजराथेंतील जैन मंदिर आठवतें, कोठें आपल्याकडील जुना वाडा. असलें मिश्रण बहुधा बेंगरूळ होतें. येथें तें झालेलें नाहीं, असें आमचें प्रामाणिक मत आहे. दरबाराच्या दालनांत रंगीत कांचांवर शिवछत्रपतींच्या चरित्रांतील प्रसंग चितारले आहेत. तेथून आमचा पाय लवकर निघेना.

हें सारें रेखिलें मेजर चार्ल्स मँट या लष्करी इंजिनियरानें. जन्म १८३९ चा. कोल्हापुरांतीलच टाउन हॉल (१८७२–७६), ज्यांत आतां वस्तुसंग्रहालय आहे, तोही त्याचाच. अजमेरचें मेयो कॉलेज आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा यांचे आराखडेही त्यानेंच केले. परदेशांतून येऊन येथील पाथरवटाच्या छिन्नीचें मोल ज्यानें ओळखलें, त्याविषयीं आम्हांस आदर वाटतो.

परंतु १८८१ सालीं, हीं कामें अर्धीमुर्धीं असतांनाच, मँट वारला. असें सांगतात कीं, अखेरीस त्याच्या मनानें घेतलें, आपलें गणित चुकलें आहे, आपण रेखिलेल्या इमारती कोसळणार. आणि त्या धास्तीनें त्याची बुद्धि भ्रमली. लक्ष्मीविलास पुढें रॉबर्ट चिझम यानें १८९० सालीं तडीस नेला.

ही कथा ऐकून पुष्कळांना हंसूं येतें. आम्हांस आलें नाहीं. आमच्या नोकरींत एकदां संस्कृतच्या उत्तरपत्रिकेंत एका मुलानें लिहिलेलें रूप आम्हीं अशुद्ध म्हणून खोडलें होतें. दोन गुणांनीं तो नापास झाला. पुढें सुटींत सिद्धान्तकौमुदी चाळतांना तें रूप विकल्पानें शुद्ध असल्याचें आढळलें. तोंवर त्यानें शाळा सोडली होती. त्यानंतर कित्येक वर्षें तपासलेल्या पत्रिका आम्ही रात्रीं उठून पुन्हां पाहात असूं. बरोबर तपासलेल्याही.

मँटचें गणित चुकलें नव्हतें. बडोद्याचा वाडा उभा आहे, हाही उभा आहे. कोठें तडा दिसतो कीं काय म्हणून आम्हीं उगीचच एका कमानीखालीं मान वर करून पाहिलें.

बाहेर आलों तेव्हां उन्हें उतरलीं होतीं. सौभाग्यवती भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या.

"अहो, दगड अजून ऊन आहे," त्या म्हणाल्या.

आम्हींही तळहात लावून पाहिला.