फटी

पावसाळ्यात आमच्या मळ्यातल्या घराची दारं फुगायची. सागवान परवडण्यासारखं नव्हतं, फळ्या कडुनिंबाच्या. पाणी प्यायल्या की चौकटीत अशा बसायच्या की खांदा लावल्याशिवाय दार हलायचं नाही. मग श्रावणात सुतार यायचा, कडेवर रंधा फिरवायचा आणि दार सुरळीत लागायला लागायचं. दिवाळी सरून हवा कोरडी झाली की तेच लाकूड आक्रसायचं, आणि रंध्याने खाल्लेली जागा बोटभर फट होऊन उघडी पडायची. हे दरवर्षीचंच होतं.

आमच्या निफाडचा गारठा साधासुधा नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर मोजला जाणारा पारा डिसेंबर २०१८ च्या अखेरीस दोन अंशांच्याही खाली गेला होता. गव्हाला ही थंडी मानवते, द्राक्षाला नाही. ऑक्टोबर छाटणीच्या बागेत त्या सुमारास मण्यांमध्ये पाणी उतरत असतं. कडाका पडला की फुगवण थांबते आणि मण्यांना तडे जातात. आमचे नाना मध्यरात्री उठून मोटार चालू करायचे, कारण विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असतं. बांधाबांधावर पालापाचोळ्याच्या शेकोट्या धुमसत ठेवायचे. बागेला ना दार ना खिडकी. तिथे माणसाच्या हातात एवढंच असतं.

घर मात्र आईच्या हातात होतं. तुळशीच्या लग्नानंतरच्या एखाद्या संध्याकाळी, वारा सुटला की ती चिमणी पेटवून दारापाशी जायची. ज्योत चौकटीच्या अगदी जवळ धरून खालून वर सावकाश सरकवायची. जिथे ज्योत आत वाकली तिथे फट. डाव्या हातात चिमणी, उजव्या हाताशी घमेल्यात शेण, माती आणि गव्हाचा भुसा कालवलेला. अंगठ्याने तो गारा फटीत दाबत ती पुढे जायची. तिच्या अंगठ्याची रेघ सुकलेल्या मातीत उमटून राहायची. उंबऱ्यापाशी जुन्या लुगड्याची, आत वाळू भरून शिवलेली लांबट पिशवी. खिडकीच्या फळ्यांवर खळीने चिकटवलेले वर्तमानपत्राचे कागद. गोठ्याच्या तोंडाला गोणपाट, कोंबड्यांच्या डालग्यावर जुनी घोंगडी. फडताळातल्या गोधड्या दोन दिवस उन्हात. एवढं झालं की घर हिवाळ्याला तयार.

एका जानेवारीत धाकटी आत्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आईने ती खोली सगळ्यात जास्त जिवाने बुजवली होती. बाजेखाली शेगडी, ओवा-शेपाची धुरी, कोपऱ्यात पाण्याचं तपेलं. आजी आत आली, चारी बाजूंना बघितलं, आणि वरच्या झरोक्यावरचा कागद नखाने सोलून काढला. मग दाराच्या फळीखाली लाकडाची पाचर सारली, दार पूर्ण लागू नये म्हणून.

“अहो आई, वारा लागेल की बाळाला,” आई कळवळून म्हणाली.

“बाळाला टोपडं घाल, दुपट्यात गुंडाळ. निखाराबी श्वास घेतो बाई. त्याला बाहेरचा मिळाला नाही तर तो आपला घेतो.”

आजी शाळेत गेलेली नव्हती. पुढे मी रसायनशास्त्र शिकले तेव्हा तिच्या त्या वाक्यामागचा सगळा हिशेब उलगडला. अपुऱ्या हवेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत चुरचुर नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त ओढीने त्याला धरून बसतं. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणसाला वाटतं की थंडीने झोप येतेय. शेगडी अंगणात पेटवायची, धूर संपून कोळसे लाल झाले की मगच आत आणायची, हा रिवाज पुष्कळ घरांत आहे. तो चांगलाच आहे, पण त्याने फक्त धूर टळतो. लाल निखाऱ्यातूनही हा वायू निघतच राहतो. त्या खोलीतली खरी राखण होती ती पाचर.

लग्नानंतर यांच्या नोकरीपायी काही वर्षं लेहमध्ये काढली. तिथला हिवाळा उणे वीसपर्यंत उतरतो आणि तयारी ऑगस्ट-सप्टेंबरातच सुरू होते. आमची घरमालकीण, जिला सगळे आचे-ले म्हणत, गवताच्या पेंढ्या गच्चीच्या कडेने रचून ठेवायची. उत्तरेकडच्या भिंतीला खिडकी जवळपास नाहीच. दक्षिणेकडच्या मोठ्या काचांना आतून प्लास्टिकचा दुसरा पडदा ठोकायचा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि लोखंडी नळीही फोडतं, म्हणून पहिल्या गोठणीच्या आधी टाकी आणि नळ्या रिकाम्या करायच्या, तोट्या उघड्या ठेवायच्या. पण तिचा सगळ्यात जास्त वेळ जायचा बुखारीच्या, म्हणजे खोली ऊबदार ठेवणाऱ्या शेगडीच्या, धुराड्यात. नळीचे तुकडे सुटे करून, अंगणात आपटून, काजळी पार झाडून ती पुन्हा जोडायची. आणि रात्री निजायच्या आधी बुखारी विझवलीच पाहिजे, पाहुणा कितीही काकडला तरी. माझ्या आजीने मराठीत सांगितलेलं तिने लडाखीत सांगितलं, इतकं ते सारखं होतं.

तिथेच, फ्ये गावाजवळ, सेक्मॉलचा परिसर पाहिला. लडाखी तरुणांनी १९८८ साली सुरू केलेली ही संस्था. तिथल्या इमारती दक्षिणेकडे तोंड करून, मातीच्या जाड भिंतींच्या. दिवसभर काचेतून आलेलं ऊन भिंती धरून ठेवतात आणि रात्री हळूहळू आत सोडतात. बाहेर सगळं गोठलेलं असताना मुलं आत शेकोटीशिवाय अभ्यास करतात. ते पाहून मला फार बरं वाटलं, आणि आईचं नि आजीचं भांडण माझ्यापुरतं मिटलं. जिथे काही जाळायचंच नाही, तिथे वारा आत घेणारी फट आईसारखी जीव लावून बुजवावी. जिथे जाळायचं आहे, तिथे आजीचं ऐकावं.

आता आम्ही नाशिकला, चौथ्या मजल्यावर राहतो. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, रबरी पट्ट्या, चिमणीची ज्योत हलणार नाही इतकं बंद घर. नव्या घरांत हिवाळ्याची तयारी म्हणजे गिझर दुरुस्त करणं, एवढंच उरलं आहे, आणि धोका नेमका तिथे येऊन बसला आहे. गॅसचा गिझर न्हाणीघरात, खिडकीला थंडी नको म्हणून पुठ्ठा लावलेला, एक्झॉस्टचं भोक चिंधीने बंद. आमच्या इमारतीतला कॉलेजचा एक मुलगा असाच आंघोळीला गेला आणि दार फोडून काढावा लागला. वाचला. तेव्हापासून दिवाळी झाली की मी शेजारच्या घरांत जाते. गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत लावून घ्या, तोवर खिडकीचा पुठ्ठा काढा, असं सांगते. काही जणींना राग येतो. येऊ दे.

खालच्या राखणदाराची केबिन पत्र्याची. तो रात्री घमेल्यात कोळसे पेटवून दार लावून आत बसायचा. बाहेर नऊ अंश असताना त्याला दुसरं काय करता येणार? सोसायटीच्या बैठकीत हा विषय मी काढला. थोडी कुरकुर झाली, पण ठराव झाला. पत्र्याला आतून प्लायवूड आणि थर्माकोल, दाराला जमिनीलगत एक जाळी आणि छताखाली एक, एक विजेचा हीटर, आणि घमेलं कायमचं बाहेर. बिल सोसायटी भरते.

समोरच्या बांधकामावर मात्र मजुरांच्या ताडपत्रीच्या झोपड्या आहेत. तिथे विजेचा भरवसा नाही, त्यामुळे चूल आणि निखारे आतच राहणार. एका बाईचं बाळ तीन महिन्यांचं आहे. तिला दोन जाड गोधड्या आणि लोकरीचं टोपडं दिलं, आणि ताडपत्रीची वाऱ्याच्या उलट दिशेची बाजू, खाली आणि वरही, वीतभर मोकळी कशी ठेवायची ते सुतळीने बांधून दाखवलं. निखारे निजण्याआधी बाहेर काढ, हेही सांगितलं. ठेकेदाराकडे हीटरसाठी वायर ओढून मागितली आहे. तो सोमवारी बघतो म्हणाला आहे. सोमवारी मी पुन्हा जाणार आहे.